कॅन लावायचा की नाही: किविनॉमधल्या एका स्नोमोबाइलचं प्रकरण

डिसेंबर संपत आला होता. रविवारी सकाळी भाचा आला तो बूटसुद्धा न काढता थेट स्वयंपाकघरात शिरला. हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. टेबलावर टॉवेल उलगडला, तर आत काळ्या सिरॅमिकचा लेप दिलेला स्टीलचा डबा. साधारण तीन लिटरच्या कुकरएवढा, एका बाजूला गोल तोंड, दुसऱ्या बाजूला आखूड नळी.

"मामा, ऑफिसातला एकजण विकतोय. अडीचशे डॉलर. दोन-तीन आठवडे लावून बघ म्हणालाय, नाही पटलं तर परत. लावू?"

इकडच्या भाषेत याला 'कॅन' म्हणतात. स्नोमोबाइल म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता रबरी ट्रॅक असलेली, बर्फावर चालणारी गाडी. तिचा कंपनीने दिलेला सायलेन्सर काढायचा आणि त्या जागी हा बसवायचा. दोन स्प्रिंगा, एक रबरी टेकू, पंधरा मिनिटांचं काम. पण या पंधरा मिनिटांच्या कामावर आम्ही पुढचे तीन आठवडे घालवले, आणि ते घालवले हे बरं झालं. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारिओ या पट्ट्यात नोकरीला आलेली आपली बरीच मुलं आता स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, घेतात. दर हिवाळ्यात कुणीतरी मला हाच प्रश्न विचारतं. म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो आहे.

जागा आणि यंत्र

आम्ही राहतो ते मिशिगनच्या उत्तर द्वीपकल्पात, सुपीरिअर सरोवरात घुसलेल्या किविनॉ नावाच्या जमिनीच्या जिभेवर. सरोवरावरून येणारा वारा ओलावा घेऊन येतो आणि जमिनीवर चढताच तो बर्फ म्हणून टाकतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात किविनॉ काउंटीत ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. कोल्हापुरातून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी हे खरं वाटत नाही. होटन आणि हॅनकॉक ही दोन गावं जोडणारा उचलता पूल आहे. हिवाळ्यात जहाजं बंद झाली की त्याचा मधला भाग अशा उंचीवर ठेवतात की वरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल जातात. इथे स्नोमोबाइल हा हौसेचा विषय तर आहेच, पण काही घरांना जानेवारीत बाहेर पडायला तेच एक वाहन उरतं.

भाच्याची स्लेड वापरलेली, ८५० सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. या वर्गातल्या इंजिनाची ताकद साधारण १६५ अश्वशक्ती. एवढी ताकद असलेल्या यंत्राला आणखी जोर कशाला हवा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण तरुण मुलाला असं म्हणून गप्प करण्यात अर्थ नसतो. त्याला विचारलं, "तुला यातून नक्की काय हवंय?"

त्याने चार गोष्टी सांगितल्या. वजन कमी होईल. जोर वाढेल. इंजिन सारखं तापतंय, ते कमी होईल. आणि वळणावर समोरून येणाऱ्याला आपण ऐकू येऊ, म्हणजे सुरक्षित. पाचवी गोष्ट त्याने सांगितली नाही, पण माझ्या ध्यानात आली. आवाज चांगला येतो. त्याच्या बापाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्यांकडे, यामाहा आरएक्स१०० होती. ती गल्लीच्या टोकाला आली की ताई गॅसवर चहा ठेवायची. भाचा त्या आवाजावर वाढलाय. हे कारण मी कमी लेखत नाही. पण ते इतर चार कारणांच्या मागे लपलेलं असलं की निर्णय चुकतो, म्हणून तेही टेबलावर आणून ठेवलं. तो हसला आणि म्हणाला, "असेल."

आधी पाइप समजून घ्या

टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट म्हणजे नुसती धूर बाहेर टाकायची नळी नसते. तो इंजिनाचाच एक भाग असतो. फोर-स्ट्रोकला झडपा असतात, इथे सिलिंडरच्या भिंतीत नुसती भोकं असतात. पिस्टन खाली गेला की ती उघडतात, वर आला की बंद होतात. जळालेला वायू बाहेर जात असतानाच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येत असतं, आणि त्यातलं काही तसंच न जळता बाहेर पळतं. हे पळणारं मिश्रण परत आत ढकलायचं काम पाइप करतो. पाइप आधी फुगत जातो आणि मग निमुळता होतो. एक्झॉस्टचा धक्का फुगत्या भागातून जाताना मागे ओढ लागते, त्या ओढीने सिलिंडर साफ होतो. तोच धक्का निमुळत्या भागावर आपटून उलट फिरतो आणि पळालेलं मिश्रण भोक बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये दाबतो. सगळा खेळ वेळेचा आहे.

ही विद्या पक्की केली ती पूर्व जर्मनीतल्या चोपाऊच्या एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरने, १९५० च्या दशकात. त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळाला, सुझुकीकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकी ५० सीसीची जागतिक विजेती झाली. पाइपातली ही गोष्ट किती मोलाची होती, ते यावरून समजावं.

आता मुद्दा असा की स्नोमोबाइलमध्ये हा फुगीर पाइप वेगळा आणि सायलेन्सर वेगळा. पाइप ताकद देतो, सायलेन्सर त्याच्या शेपटाला बसून आवाज दाबतो. कॅन लावणारा पाइप बदलत नाही, फक्त शेपूट बदलतो. आरएक्सच्या सायलेन्सरची जाळी काढणारी पोरं आठवा. गाडी जास्त ओरडायची आणि ओरडते म्हणजे जास्त पळते असं वाटायचं. कानाला ताकद आणि आवाज वेगळे करता येत नाहीत, हीच यातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

शेपूट बदलल्याचा परिणाम अगदीच शून्य नसतो. मागचा दाब कमी झाला की पाइपातल्या वायूचं तापमान बदलतं. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो, त्यामुळे परत येणाऱ्या धक्क्याची वेळ थोडी सरकते. वायू मोकळा झाला की हवा जास्त खेळते. इंधन मात्र कंपनीने ठरवलेल्या हिशेबानेच पडत असेल तर मिश्रण सुकं होतं. टू-स्ट्रोकमध्ये सुकं मिश्रण म्हणजे पिस्टनच्या माथ्याला चटका. नुसत्या कॅनने पिस्टन जळतो असं मी म्हणणार नाही. पण कॅन, मग पाइप, मग मोकळा एअरबॉक्स, अशी एकेक पायरी चढणारे आणि तिसऱ्या पायरीला इंजिन उघडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

तराजू, मीटर आणि गोठलेलं तळं

माझं रोजचं काम आवाज आणि कंपन मोजण्याचं. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा मोजू, असं ठरलं.

पहिल्यांदा वजन. न्हाणीघरातल्या काट्यावर मूळ सायलेन्सर त्याच्या उष्णतारोधक पत्र्यासकट ६.१ किलो, कॅन २.६. फरक साडेतीन किलोचा, म्हणजे पाच लिटर पेट्रोलपेक्षाही थोडा कमी. स्लेड, भरलेली टाकी आणि जाड कपड्यांतला भाचा मिळून सव्वातीनशे किलोच्या पुढे जातात. शेकडा एक. दहा मैल गेल्यावर रनिंग बोर्डाखाली आणि सस्पेन्शनच्या सांदीत जो बर्फ थिजून बसतो, तो याहून जड भरतो. हे त्याला आकड्याने पटलं नाही. एका संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये स्लेड वितळू दिली आणि खालच्या परातीत साठलेलं पाणी तोलून पाहिलं, तेव्हा पटलं.

मग जोर. ओळखीच्या तळ्यावर, बर्फ पुरेसा जाड झाल्याची खात्री करून, त्याच सरळ पट्ट्यावर तीन फेऱ्या मूळ सायलेन्सरने आणि तीन कॅनने. पूर्ण थ्रॉटलला मूळ सायलेन्सरवर इंजिन मिनिटाला ७९०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर होत होतं, कॅनवर ते ८००० च्या जरा वर जाऊ लागलं. वेग? तीन फेऱ्यांत आपापसात जेवढा फरक पडत होता, त्याहून जास्त फरक दोन सायलेन्सरांत दिसला नाही. कारण सरळ आहे. स्नोमोबाइलला गिअर नसतात, पट्टा आणि दोन क्लच असतात. पुढच्या क्लचमधली वजनं इंजिनाला त्याच्या सर्वांत जोरकस फेऱ्यांवर धरून ठेवतात. इंजिन त्या जागेच्या वर गेलं तर ताकद वाढत नाही, उलट घसरते. म्हणजे कॅनचा जो काही लाभ असेल तो घ्यायलाही क्लचची वजनं बदलायला हवीत. ते पैसे अडीचशेत धरलेले नव्हते.

आणि आवाज. मिशिगनचा कायदा दोन आकडे देतो. चालत्या यंत्राला ५० फुटांवर ७८ डेसिबल, आणि उभ्या यंत्राला १३.१ फुटांवर, म्हणजे चार मीटरवर, ८८ डेसिबल. उभ्या यंत्राच्या चाचणीची पद्धत एसएई जे२५६७ या मानकात ठरवून दिली आहे, इंजिन ४००० फेऱ्यांवर धरून. आमच्या अंगणातली चाचणी त्या मानकाला काटेकोर नव्हती, पण मीटर चांगला होता आणि दोन्ही सायलेन्सर एकाच जागी, एकाच तासात मोजले. मूळचा ८१. कॅन ९३.

भाचा म्हणाला, "बारा तर वाढले. एक्याऐंशीत बारा म्हणजे पंधरा टक्के."

इथेच सगळे फसतात. डेसिबल असे बेरजेने चालत नाहीत. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. बारा म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळा पट. त्याला मी असं सांगितलं: तुझी एक स्लेड कॅन लावून गेली, तर मूळ सायलेन्सरच्या सोळा स्लेड एकदम शेजारून गेल्यासारखं. आणखी एका तऱ्हेने सांगतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बारा डेसिबल म्हणजे अंतराचा चौथा हिस्सा. ट्रेलपासून, म्हणजे स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटेपासून, साठ मीटरवर घर असेल, तर कॅन लावणारा माणूस ती ट्रेल उचलून घरापासून पंधरा मीटरवर आणून ठेवतो.

ताजा भुसभुशीत बर्फ आवाज पितो, हे खरं आहे. हिमवर्षावानंतर गाव कसं शांत होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण बर्फ पितो तो मुख्यतः उंच पट्टीचा आवाज. कॅनची खालची धडधड त्यातून निसटते. शिवाय स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. अशा हवेत वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि फार लांब पोचतो. लोक झोपलेले असतात नेमके तेव्हाच.

तापणं आणि ऐकू येणं

तापण्याचं कारण एक्झॉस्टमध्ये नव्हतंच. ही इंजिनं पाण्याने गार होतात आणि ते पाणी गार होतं ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात बसवलेल्या कूलरमध्ये. त्या कूलरवर ट्रॅकने उडवलेला बर्फ पडायला हवा. आमच्याकडची ट्रेल आठवडाभर बर्फ पडला नाही की काचेसारखी कडक होते, मग उडायला काही उरत नाही आणि पाणी उकळायला लागतं. उपाय म्हणजे स्क्रॅचर, स्कीडला (ट्रॅकच्या आतल्या सांगाड्याला) किंवा स्कीला लावायच्या स्प्रिंगच्या काड्या. त्या टणक बर्फ खरवडून भुगा उडवतात. भाच्याने त्या लावल्याच नव्हत्या. शंभर डॉलरच्या आत काम झालं आणि त्याच कडक ट्रेलवर तापमानाचा दिवा पुन्हा लागला नाही. उलट कॅन लावलेला असताना उजव्या पॅनेलच्या आतली बाजू आधीपेक्षा जास्त तापत होती, कारण मूळ सायलेन्सरभोवतीचं पत्र्याचं कवच आता नव्हतं. बाहेरच्या स्टिकरला तिसऱ्या दिवशी फुगे आले.

सुरक्षिततेचा दावा मी फार ऐकला आहे आणि मला तो मान्य नाही. स्लेडचा एक्झॉस्ट पुढच्या बाजूने खाली, बर्फाकडे सुटतो. समोरून येणाऱ्याच्या डोक्यावर बंद हेल्मेट, कानाशी वारा आणि पायांमध्ये त्याचं स्वतःचं इंजिन. त्याला तुमचा कॅन ऐकू येणार नाही. ऐकू येतो तो झाडीपलीकडच्या घरात. समोरच्याला कळावं म्हणून इथे हाताच्या खुणा आहेत. डावा हात उचलून बोटं दाखवायची. तीन बोटं म्हणजे माझ्यामागे आणखी तिघे आहेत. बंद मूठ म्हणजे मी शेवटचा. वळणावर उजवीकडे राहायचं आणि वेग कमी करायचा. यापेक्षा चांगलं साधन अजून कुणी काढलेलं नाही. आणि ज्याच्या कानाजवळ तो आवाज दिवसभर असतो, त्या चालवणाऱ्याच्या कानांचं काय? ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला निम्मा वेळ, असा अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. ते भाच्याला सांगितलं. त्या वयात कानांची काळजी कुणी करत नाही, त्यानेही केली नाही.

कायदा थोडक्यात

९३ हा आकडा ८८ च्या वर आहे, तेवढ्याने विषय संपायला हवा होता. शिवाय २००६ च्या मॉडेलपासून स्नोमोबाइलच्या धुराला संघीय पर्यावरण खात्याची मर्यादा लागू झाली आहे. यंत्र ज्या रचनेत प्रमाणित झालं ती रचना बदलली तर तो छेडछाडीचा मामला ठरू शकतो. त्यासाठीच असल्या कॅनवर 'फक्त बंद मैदानावरच्या शर्यतीसाठी' अशी ओळ असते. आमच्या कॅनवरही होती, तळाला, टॉवेलाच्या बाजूला. वॉरंटीबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. अमेरिकेतल्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यानुसार नुसता बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी उडत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. इंजिनाच्या बाबतीत एक्झॉस्ट बदललेला असेल तर ते दाखवणं तिला सोपं जातं, एवढंच.

इतकं सगळं झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, सगळं कळलं. पण एक आठवडा तरी चालवतो ना. परत द्यायचाच आहे."

मी नाही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. आकड्यांनी माझं मत पक्कं झालं होतं आणि मी धरून चाललो की त्याचंही झालं असेल.

गवताच्या कुरणाचे मालक

मिशिगनमध्ये सहा हजार मैलांहून जास्त लांबीच्या स्नोमोबाइल ट्रेल आहेत, आणि त्यातला मोठा भाग खाजगी जमिनीतून जातो. जमीनमालकाने हो म्हटलं म्हणून ती वाट आहे. स्नोमोबाइल क्लबचे लोक दारोदार जाऊन ती परवानगी मिळवतात. एका मालकाने नाही म्हटलं की साखळीची एक कडी तुटते. कधी कधी वळसा काढायला जागाच नसते, मग दोन गावांमधली वाट बंद होते. क्लबला नुकसानीचा विमा घेता येतो, बर्फ सपाट करणारा ग्रूमर विकत घेता येतो, पण जमीन देणाऱ्याचं मन विकत घेता येत नाही.

जानेवारीच्या मध्यावर क्लबमधून कळलं की आमच्या भागातल्या एका मालकांनी पुढच्या वर्षाच्या कागदावर सही केलेली नाही. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, फिनिश, म्हणजे फिनलंडच्या वंशाचे. तांब्याच्या खाणींच्या काळात त्यांच्या वडिलांचे वडील इथे आले. त्यांच्या गवताच्या कुरणातून ट्रेल जाते ती त्यांच्या वडिलांपासून. त्यांच्याशी बोलायला माझ्यासोबत एक माणूस हवा होता. मी भाच्याला घेतलं. मनात काही योजना होती असं नाही, तो त्या दिवशी मोकळा होता.

आजोबांनी आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव. हा वेलदोडा इथल्या फिनिश घरांत सगळीकडे असतो, आणि तो वास आला की मला घरच्या श्रीखंडाची आठवण होते. आतल्या खोलीत आजी होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. झोप सावध, आणि एकदा मोडली की पहाटेपर्यंत लागत नाही. उठल्या की घाबरतात, कुठे आहोत ते त्यांना लगेच कळत नाही.

फ्रिजवर बँकेचं कॅलेंडर होतं. आपल्याकडे कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात, तसे त्यावर पेन्सिलने आकडे होते. १२:१५. १:४०. एका शनिवारी तीन.

आजोबा म्हणाले, "ग्रूमर रात्रीच जातो. तो तर ट्रॅक्टरच आहे. येतो, जातो, ती कूससुद्धा बदलत नाही. साध्या स्लेडही जातात. माझी स्वतःची स्लेड होती चाळीस वर्षं. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. हे जे दुसरे आहेत, त्यांच्याबद्दल आहे. ते कुरणाच्या वळणावर वेग कमी करतात आणि मग एकदम थ्रॉटल खोलतात, तेव्हा खिडकीची काच वाजते."

भाचा कॅलेंडरकडे बघत होता. मला वाटलं तो संकोचाने नजर टाळतोय. मग तो उठला, फ्रिजजवळ गेला, आणि आदल्या शुक्रवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे ११:५० लिहिलं होतं.

"हा मी होतो," तो म्हणाला.

मित्रांबरोबर जेवून परत येत होता. एकटाच. वळणावर वेग कमी केला, कारण तसं करायलाच हवं, आणि वळण संपल्यावर खोलला. त्याने कुणाला त्रास द्यायचा म्हणून काहीच केलं नव्हतं. झाडीमागे घर आहे हेही त्याला माहीत नव्हतं, रात्री दिवा नसतो.

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली आणि विचारलं, "कुठली आहे तुझी?" पुढची वीस मिनिटं ते दोघं जुन्या स्लेडबद्दल बोलत होते. सहीचा विषय मी काढला नाही.

घरी परतताना भाचा म्हणाला, "साठ मीटरवरून पंधरावर, म्हणालेलास ना तू." त्याहून जास्त काही बोलला नाही. त्याच संध्याकाळी मूळ सायलेन्सर परत लागला.

मी कुणाला हो म्हणेन

हे प्रकरण एका जागेचं आणि एका माणसाचं आहे, त्यावरून सगळ्यांना एकच उत्तर देता येणार नाही. मोन्टाना किंवा वायोमिंगच्या डोंगरात, जिथे चढावर कमरेएवढ्या भुकटीतून स्लेड हाताने ओढून वळवावी लागते, तिथे नाकाडावरचं साडेतीन किलो वजन खरंच जाणवतं आणि घरं मैलोन्‌मैल नसतात. तिथल्या माणसाला मी म्हणेन, चार मीटरवर ८८ च्या आत बसणारा, चाचणी केलेला कॅन शोध, क्लचचा खर्च धर, पॅनेलला आतून उष्णतारोधक लाव. मात्र यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात असली स्लेड नेण्याचा विचारही नको, तिथे धूर आणि आवाज दोन्हींच्या मर्यादा राज्यांपेक्षा कितीतरी कडक आहेत. बंद मैदानावर शर्यत करणाऱ्याचा प्रश्न निराळा, तो तसाही सगळं इंजिन खोलणारच आहे.

गावांमधून, शेतांमधून जाणाऱ्या ट्रेलवर मात्र माझं उत्तर नाही असंच आहे आणि त्यात मला शंका नाही. ज्याला यंत्रात हात घालायची खरी आवड आहे, त्याच्यासाठी इथे उलटी वाट उघडी आहे. होटनच्या मिशिगन टेक विद्यापीठात २००३ पासून विद्यार्थ्यांची क्लीन स्नोमोबाइल स्पर्धा भरत आली आहे. तिची सुरुवात २००० मध्ये वायोमिंगला झाली, यलोस्टोनमधल्या धुराचा आणि गोंगाटाचा वाद पेटलेला असताना. या स्पर्धेत मुलं स्लेड अधिक स्वच्छ आणि अधिक शांत करून दाखवतात, ताकद न गमावता. मी एकदा तिथे आवाजाच्या चाचणीला उभा होतो. एक स्लेड पन्नास फुटांवरून गेली आणि मला ट्रॅकचा आणि बर्फ चिरणाऱ्या स्कीचाच आवाज जास्त आला. टू-स्ट्रोकची एवढी वर्षं मनावर असताना ते ऐकणं फार सुखाचं होतं. ते काम कॅन लावण्यापेक्षा शंभर पटीने अवघड आहे.

कोल्हापूर-पुण्याकडे बुलेटला इंदोरी सायलेन्सर लावणाऱ्यांना पोलीस पकडतात, सायलेन्सर काढून घेतात, आणि कधी रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोड रोलर फिरवतात. इथे पोलीस क्वचित भेटतो. कायदा मोडल्याचं चलन बहुतेकांना कधीच मिळत नाही. पण इथे एक सही असते, आणि ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात अडकलेली असते.

कॅन त्याच टॉवेलात गुंडाळून सोमवारी ऑफिसातल्या माणसाच्या ट्रकमध्ये परत गेला. मार्चच्या शेवटी ट्रेल बंद झाल्यावर भाचा दोनदा एकटाच त्या घरी गेला. एकदा छपरावरचा बर्फ उतरवायला, एकदा आजोबांची शेडमध्ये पडून असलेली जुनी स्लेड चालू करायला. तिचा कार्बुरेटर साफ केला, ती चालू झाली. नोव्हेंबरमध्ये ट्रेलच्या खुणांच्या काठ्या रोवायला क्लबबरोबर गेला तेव्हा आजोबांनी वळण घरापासून थोडं लांब, कुरणाच्या पलीकडच्या कडेला न्यायला सांगितलं. तसं नेलं. मग त्यांनी कागद मागवला आणि पिकअपच्या बॉनेटवर ठेवून सही केली.

"एकच वर्ष," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."